तिसरा ठिपका

आमच्या हुपरीच्या घरात जिन्याखाली एक पोलादी पट्टी खिळ्याला टांगलेली असायची. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, आणि तिच्यात ओळीनं पाडलेली भोकं. पहिल्या भोकातून पेन्सिल जाईल, शेवटच्यात सुईही अडेल. तिला जंतर म्हणत. चांदीच्या कांबीचं टोक कानशीनं निमुळतं करायचं, भोकात सरकवायचं, पलीकडून सांडशीत धरायचं आणि पाय रोवून ओढायचं. मग शेजारचं जरा लहान भोक. मग त्याहून लहान. चार-पाच भोकं झाली की तार ताठर व्हायची, आता आणखी ओढली तर तुटेल हे ओढणाऱ्या हाताला कळायचं. मग तिला विस्तवावर ताव द्यायचा, निवू द्यायची, की ती पुन्हा मऊ.

ओढायचं काम तात्यांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. तार तपासायचं काम आत्तीचं. आत्ती वडिलांची थोरली बहीण. कोल्हापूर जिल्ह्यातलं आमचं हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी ओळखलं जातं, आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांतून बायका दुपारभर कड्या जोडत बसलेल्या दिसतात. आत्तीही त्यातलीच. पण नवी तार आली की आधी ती तिच्याकडे जायची. ती डोळे मिटायची आणि अंगठ्याच्या नखावरून तार हळूहळू सरकवत न्यायची. नख कुठं अडलं की थांबायची, चिमट्यानं तिथं बारीक खूण करायची. "हितं बसलंय कायतरी," एवढंच म्हणायची. डोळ्यांना तिथं काही दिसत नसे. कडी वळवताना तार नेमकी तिथंच तुटे.

ही गोष्ट त्या तारेची नाही. तिच्याहून कितीतरी हजार पटींनी बारीक असलेल्या दुसऱ्या एका चांदीच्या तारेची आहे. पण ती मला आत्तीच्या नखाशिवाय सांगता येत नाही.

पदार्थविज्ञान शिकायला मी कोल्हापूरला गेले तेव्हा धातू आणि प्रकाश यांचं नातं मला ठाऊक होतं असं मला वाटे. धातू प्रकाशाला अडवतो आणि परत पाठवतो. आरसा म्हणजे तरी काय, काचेच्या मागे दिलेला पातळ थर. त्यातही चांदीसारखी परतवणारी दुसरी धातू नाही. दृश्य प्रकाशाचा ९५ टक्क्यांच्या आसपास भाग ती माघारी लावते. जो थोडा आत शिरतो, तो वीस-पंचवीस नॅनोमीटरमध्ये विझतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे उंबऱ्यावर पाय ठेवला न ठेवला तोच परत.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी एका व्याख्यानात ऐकलं की चांदीच्या तारेवरून प्रकाश वाहून नेता येतो. काचेच्या तंतूतून नव्हे, चांदीवरून. सुट्टीत घरी आले तेव्हा ते मी आत्तीला सांगितलं. ती कडी झाळत होती. फुंकणी तोंडातून काढून म्हणाली, "चांदी उजेड माघारी लावती की गं. न्हेईल कशी?"

पुस्तकातलं सगळं पदार्थविज्ञान तिच्या बाजूनं होतं. उत्तर द्यायला मला वर्ष लागलं.

उत्तराची सुरुवात धातूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांपासून होते. धातूत अणू जागच्या जागी बसलेले असतात, पण प्रत्येकाचा एखादा इलेक्ट्रॉन मोकळा असतो, आणि ते सगळे मोकळे इलेक्ट्रॉन मिळून एखाद्या पाण्यासारखे भरलेले असतात. आडावरून भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालताना कधी अनुभव घेतला असेल: चालीची लय आणि पाण्याच्या हिंदकळण्याची लय एक झाली की दोन-चार पावलांत पाणी काठाबाहेर उसळतं. चाल जरा बदलली की शांत. प्रकाश म्हणजे डोलणारं विद्युतक्षेत्र. तो इलेक्ट्रॉनांच्या या पाण्याला एकदा इकडे, एकदा तिकडे ढकलतो. आरशाएवढ्या मोठ्या चांदीत हे पाणी त्याला तोडीस तोड हलून माघारी लावतं. पण चांदीचा कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे त्याच्या एका लहरीच्या लांबीहून, पुष्कळ लहान, पन्नासएक नॅनोमीटरचा केला, तर ती कळशी होते. तिच्या हिंदकळण्याला स्वतःची लय येते. त्या लयीचा प्रकाश आला की कण त्याला पकडतो, स्वतःच्या आकाराहून मोठ्या भागातून ओढून घेतो. या हिंदकळण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. सेकंदाला सुमारे सहा-सात कोटी-कोटी (कोटी गुणिले कोटी) वेळा होणारं हिंदकळणं.

म्हणून सोन्याचे बारीक कण पाण्यात सोनेरी दिसत नाहीत. ते हिरवा प्रकाश धरतात, आणि पाणी माणकासारखं लाल दिसतं. चांदीचे गोल कण जांभळा प्रकाश धरतात, आणि त्यांचं पाणी हळदीचं दिसतं. रंग धातूचा राहत नाही, मापाचा होतो. हे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करणाऱ्या मायकेल फॅरडेनं १८५७ साली सांगितलं. त्यानं सोन्याचा वर्ख आणखी पातळ करून पाहिला, सोन्याच्या क्षारातून फॉस्फरसनं सोनं वेगळं करून लाल द्रव बनवले, त्यांतून प्रकाशाचा झोत सोडला आणि झोताची वाट द्रवात उजळलेली पाहून ओळखलं की हा रंग विरघळलेल्या पदार्थाचा नाही, तरंगत्या कणांचा आहे. कण दाखवणारं सूक्ष्मदर्शक तेव्हा नव्हतं. त्याच्या काही बाटल्या त्या संस्थेत अजून जपून ठेवल्या आहेत. १९०८ साली जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या गुस्ताव मी (Mie) या शास्त्रज्ञानं या रंगांचं गणित मांडलं, आणि गोल कणांसाठी आजही तेच वापरतात.

या विषयावरच्या लिखाणात एक वाक्य वारंवार येतं, की जुन्या चर्चच्या खिडक्यांतली लाल काच सोन्याची असते. मला ते खटकतं. मध्ययुगातली बहुतेक लाल काच तांब्याची आहे. पिवळी मात्र खरोखर चांदीची: काचेवर चांदीचा क्षार लावून भाजायचे, चांदी काचेत शिरून तिथं तिचे कण होत. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन प्याला, लायकर्गसचा, तो समोरून उजेड पडला तर हिरवट आणि आतून उजेड आला तर लाल दिसतो, त्याच्याबद्दलही सगळं श्रेय सोन्याला दिलं जातं. त्या काचेतल्या कणांत सोन्यापेक्षा चांदी कितीतरी जास्त आहे. मी चांदीच्या गावची आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात मला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दोन महिने काम करायला मिळालं. तिथं मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चांदीची तार केली. तात्यांनी मला जंतरावर कधी हात लावू दिला नव्हता. आणि इथं ती ओढावी लागत नव्हती, ती वाढत होती. इथिलीन ग्लायकॉल, जे मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात, ते तेलाच्या कुंडात १६० अंशांपर्यंत तापवायचं. त्यात सिल्व्हर नायट्रेट आणि एक चिकट पॉलिमर थेंब-थेंब सोडायचं. द्रव आधी पिवळा होतो, म्हणजे गोल कण झाले. मग पिवळा गढूळ होत जातो, आणि तासाभरानं चंबू हलवला की आत रेशमी लाट सरकल्यासारखी दिसते. ती लाट दिसली की तारा झाल्या. पॉलिमर चांदीच्या कडेच्या बाजूंना चिकटून बसतो, तिथं नवे अणू बसू देत नाही, म्हणून चांदीला फक्त टोकांकडे वाढता येतं. आत्तीची तार गोल, ही पंचकोनी. जाडी दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, लांबी दहा-पंधरा मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर). केसाच्या जाडीत अशा चारशे तारा शेजारी-शेजारी मावाव्यात.

काचेच्या पट्टीवर थेंब टाकला, वाळवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. एक सरळ, सुटी पडलेली तार शोधली. लाल लेझरचा ठिपका तिच्या डाव्या टोकावर आणला. खोलीतला दिवा मालवला.

उजवं टोक उजळलं.

मधली सगळी तार काळी. डावीकडे लेझरचा झगझगीत ठिपका, मग अंधार, आणि अंधाराच्या शेवटी एक लहानसा लाल दिवा. मी लेझरचा ठिपका टोकावरून तारेच्या मध्यावर सरकवला, उजवीकडचा दिवा गेला. पुन्हा टोकावर आणला, लागला. लेझरच्या विद्युतक्षेत्राची दिशा तारेला आडवी केली, मंदावत मंदावत विझला. तारेच्या दिशेनं केली, परत आला. मी हे किती वेळा केलं ते आठवत नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी जेवायला हाक मारत होतं.

तार उजेड मध्यावर का घेत नाही आणि टोकावर का घेते? तारेवरून जाते ती प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांची मिळून झालेली लाट, तीही प्लाझ्मॉनच. अर्धा जीव हवेत, अर्धा चांदीत. इलेक्ट्रॉनांना सोबत ओढायचं असल्यामुळे ती मोकळ्या प्रकाशापेक्षा हळू जाते आणि तिच्या लहरी आखूड होतात. वेग जुळल्याशिवाय धावत्या एसटीत चढता येत नाही, आणि सपाट चांदीवर मोकळा प्रकाश आणि ही लाट यांचे वेग कधीच जुळत नाहीत. म्हणूनच आरसा हा आरसा राहतो, त्याच्यावरची लाट आपोआप जागी होत नाही. चढण्या-उतरण्यासाठी थांबा लागतो: एखादं टोक, एखादी कड, एखादा खडबडीतपणा. अशा लाटा असायला हव्यात हे अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत रूफस रिची यांनी १९५७ साली कागदावर दाखवलं होतं. १९६८ मध्ये जर्मनीत ओटो यांनी, आणि वेगळ्या रीतीनं क्रेट्शमन आणि रेथर यांनी, काचेच्या लोलकातून प्रकाशाला हळू करून चढवण्याची युक्ती काढली. माझ्या तारेला लोलक नको होता. तिला दोन टोकं होती.

आणि या लाटेचं खरं मोल असं, की ती आखूड असते. मोकळा प्रकाश भिंगानं कितीही एकवटला तरी त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून बारीक ठिपका होत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यानं १८७३ साली सांगून ठेवलं. लाल प्रकाशाला ही मर्यादा तीनेकशे नॅनोमीटरची. चांदीवर बसलेल्या लाटेला ती तशी लागू होत नाही, कारण तिची निम्मी शक्ती इलेक्ट्रॉनांच्या हालण्यात साठलेली असते. तार निमुळती करत नेली तर लाटही निमुळती होत जाते, हळू होत जाते, आणि टोकाशी दहा-वीस नॅनोमीटरच्या जागेत गोळा होते. जंतरातून चांदी जाते तसा हा उजेड चांदीवरून बारीक होत जातो.

भोकांचीही एक गोष्ट यातच आहे. १९४४ साली हान्स बेथे यांनी गणित केलं होतं की तरंगलांबीहून लहान भोकातून प्रकाश फार थोडा जाईल. भोक निम्मं केलं तर जाणाऱ्या उजेडाचं प्रमाण सोळापटीनं घटेल. जपानमध्ये एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे थॉमस एबेसन यांना १९८९ च्या सुमारास वेगळंच दिसलं. धातूच्या पत्र्यात अशी लाखो भोकं ओळीनं पाडली होती, आणि पत्र्यातून आरपार दिसत होतं. त्यांना ते कळायला नऊ वर्षं लागली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दोनशे नॅनोमीटर जाडीचा पत्रा आहे, दीडशे नॅनोमीटरची भोकं आहेत, आणि भोकाच्या जवळजवळ दहापट तरंगलांबीचा प्रकाश त्यांतून पार होतो. नुसता पार होत नाही, भोकांवर थेट जेवढा पडला त्याहून जास्त पार होतो. भोकांच्या मधल्या धातूवर पडलेला उजेड वाया जात नाही. भोकांची ओळ त्याला चढायला थांबे देते, तो पृष्ठभागावरून सरकत भोकाशी येतो आणि पलीकडे उतरतो. तो पत्राही चांदीचा होता.

आता उणी बाजू. माझा उजवीकडचा दिवा डावीकडच्या लेझरपेक्षा फार मंद होता. इलेक्ट्रॉन हिंदकळताना अणूंवर, खोटांवर, एकमेकांवर आपटतात, आणि प्रत्येक आपटण्यात थोडा उजेड उष्णता होऊन जातो. कणात पकडलेला प्रकाश दहाएक फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या कोटी-कोटीव्या भागात, संपतो. तेवढ्या वेळात मोकळा प्रकाश तीन मायक्रोमीटर जातो. चांदीच्या चांगल्या तारेवर लाल उजेड दहा मायक्रोमीटरच्या आसपास टिकतो. २००५ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या लोकांनी रासायनिक रीतीनं वाढवलेल्या तारांवर हे मोजून दाखवलं, आणि धातूची वाफ बसवून केलेल्या तारांपेक्षा या तारा सरस ठरल्या. कारण वाफेच्या तारेत चांदीचे दाणे-दाणे असतात, प्रत्येक दाण्याच्या शिवेवर लाट ठेचकाळते. वाढवलेली तार म्हणजे जवळजवळ एक सलग स्फटिक, तिच्या बाजू अणूंच्या मापानं गुळगुळीत. ते वाचताना मला तात्यांनी दिलेला ताव आठवला. तावातही आत तेच होत असतं: ओढून विस्कटलेले दाणे उष्णतेत नव्यानं जुळतात.

त्या काळात सगळीकडे लिहून येत होतं की आता संगणक प्रकाशावर चालतील, चिपवर तांब्याच्या जागी प्लाझ्मॉनचे रस्ते येतील. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. दहा मायक्रोमीटरमध्ये दमणाऱ्या वाटसरूकडून लांबचा निरोप पाठवू नये. दूर न्यायचं तर काच आहे, काचेत उजेड किलोमीटरच्या हिशेबात जातो. चांदीचं सामर्थ्य नेण्यात नाही, एका जागी आणून दाबून धरण्यात आहे.

जुलैत पुण्यात पाऊस धरला आणि माझ्या तारा मंदावल्या. मी लेझर तपासला, भिंगं पुसली, पुन्हा नवा थेंब टाकला तर तो चांगला चालला. जुन्या पट्ट्या मात्र मेल्या होत्या. दोन आठवडे मी त्या उघड्या ठेवल्या होत्या, ती चूक माझीच. हवेतल्या गंधकानं चांदी काळी पडते हे हुपरीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. पैंजणावर तो काळा थर कितीही बसला तरी रिठ्याच्या पाण्यात घासला की चांदी उजळते. दीडशे नॅनोमीटरच्या तारेला घासता येत नाही, आणि तिच्यावर चार-पाच नॅनोमीटरचा थरही फार झाला. मी घरी फोन केला तेव्हा आत्ती म्हणाली, "चांदी उघडी ठिवत्यात व्हय कुणी? मलमलीत गुंडाळ, डब्यात घाल, झाकण घट्ट लाव." मी नव्या पट्ट्या नायट्रोजन भरलेल्या डब्यात ठेवू लागले. झाकण घट्ट लावून.

सोनं काळं पडत नाही, म्हणून जिथं टिकायला हवं तिथं सोनंच वापरतात, चांदी गुणानं सरस असूनही. २०२१ मध्ये आत्तीला ताप आला तेव्हा माडीवरच्या खोलीत आम्ही रॅपिड टेस्टची पट्टी टेबलावर ठेवून पंधरा मिनिटं बघत बसलो. दुसरी रेघ उमटली. अशा बहुतेक पट्ट्यांतली ती तांबडी रेघ म्हणजे सोन्याचे चाळीसएक नॅनोमीटरचे कण, त्यांना चिकटवलेल्या प्रतिपिंडांनी विषाणूला धरलं आणि रेघेवर येऊन साचले. फॅरडेच्या बाटलीतला रंग. तेव्हा मला त्यातलं काहीही सुचलं नव्हतं, मी फक्त रेघ बघत होते. आत्ती बारा दिवसांनी खाली आली.

जो उजेड उष्णता होऊन जातो तोही वाया जातोच असं नाही. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हालास यांनी काचेच्या गोळीवर सोन्याचा पातळ पापुद्रा दिलेले कण केले. ते अवरक्त, म्हणजे लालाच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पकडतात, जो शरीरात बराच आत पोचतो. कण गाठीत साचवायचे, लेझर द्यायचा, गाठ आतून भाजायची. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या १६ रुग्णांवरच्या चाचणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती १९७४ सालची गोष्ट. तिच्यासाठी आधी १९२८ मध्ये जायला हवं, कोलकात्याला. २८ फेब्रुवारी हा दिवस शाळेत आपण विज्ञान दिन म्हणून साजरा करतो, तो रामन यांच्या शोधाचा. रेणूवर प्रकाश पडला की बहुतेक सगळा त्याच रंगाचा उधळला जातो. प्रकाशाचा कोटीत एखादा कण रेणूच्या थरथरीशी देवघेव करून रंग बदलून येतो. त्या बदललेल्या रंगावरून रेणू कोणता ते ओळखता येतं. अडचण त्या कोटीत एकाची. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मक्विलन चांदीच्या इलेक्ट्रोडवर बसलेल्या पिरिडीन या रसायनाचा असा संकेत शोधत होते. जास्त रेणू बसावेत म्हणून त्यांनी विजेचा प्रवाह उलटसुलट देऊन चांदी मुद्दाम खडबडीत केली. संकेत आला, आणि भरघोस आला. त्यांना वाटलं, पृष्ठभाग वाढला म्हणून. १९७७ मध्ये अमेरिकेत जाँमेर आणि व्हॅन ड्यून यांनी हिशेब केला तर वाढलेल्या पृष्ठभागानं कित्येक लाख पटींचा फरक पडूच शकत नव्हता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये आल्ब्रेक्ट आणि क्रायटन यांनीही तेच पाहिलं. चांदीच्या त्या उंचवट्यांमध्ये, फटींमध्ये उजेड अडकत होता. तिथलं विद्युतक्षेत्र दहापट झालं तर रामनचा संकेत दहा हजार पटींनी वाढतो. शंभरपट झालं तर दहा कोटी पटींनी. १९९७ पर्यंत एकट्या रेणूचा संकेत दिसू लागला. केंब्रिजमध्ये जेरेमी बॉमबर्ग यांच्या गटानं सोन्याची गोळी आणि सोन्याचा पत्रा यांच्यात एका नॅनोमीटरहूनही बारीक फट ठेवून तीत उजेड कोंडला, २०१६ मध्ये.

वाहून नेणाऱ्या तारेला गुळगुळीतपणा हवा, आणि धरून ठेवणाऱ्या चांदीला कोपरा हवा, फट हवी, उंचवटा हवा. एकाला जी खोट तेच दुसऱ्याचं घर. हे मी वर्गात पुढे कित्येकदा फळ्यावर लिहिलं, पण त्या उन्हाळ्यात मला ते माहीत नव्हतं.

पुण्यातच याचं एक सुंदर उदाहरण होतं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कात सोन्याचा क्षार घातला, आणि सोन्याचे चपटे त्रिकोण तयार झाले. २००४ साली ते प्रसिद्ध झालं. गवती चहा, आपल्या परसातला. त्रिकोणाला तीन टोकं असतात, टोकाशी क्षेत्र एकवटतं, आणि चपट्या आकारामुळे हे त्रिकोण अवरक्त प्रकाश पकडतात, जे गोल कणाला जमत नाही. हे वाचल्यापासून चहात गवती चहाची पात घालताना माझा हात क्षणभर थांबतो.

पुण्यातल्या त्या उन्हाळ्यानंतर दिवाळीला घरी आले तेव्हा मी आत्तीसाठी एक फोटो छापून आणला होता. व्याख्यानासाठी मी त्याच तारेचा फोटो तयार केला होता, त्यात पार्श्वभूमी नीट काळी केली होती, दोन लाल ठिपके ठसठशीत दिसत होते. घाईत छापखान्यात मात्र मूळ फाइल गेली, हात न लावलेली. मी फोटो तिच्या पुढ्यात ठेवला. "ही तार. हितनं उजेड चढवला, हितनं उतरला."

तिनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"मधी काळीच हाय की."

"मधी उतरायला जागाच न्हाई आत्ती. गुळगुळीत असली की सांडत न्हाई."

"म्हंजी चांगली ओढलीया," ती म्हणाली. कुणी ओढली नव्हती, पण मी काही बोलले नाही. मग तिनं डोळे मिटले नाहीत, पण अंगठ्याचं नख फोटोवर ठेवलं आणि डाव्या ठिपक्यापासून उजवीकडे सरकवत नेलं, सावकाश, तारेवरून न्यायची तसं. दोन-तृतीयांश अंतरावर नख थांबलं.

"हितं बसलंय कायतरी."

मी वाकून बघितलं. तिच्या नखाच्या टोकाशी एक तिसरा ठिपका होता. इतका फिकट, की मी तो कॅमेऱ्याचा गोंधळ समजून काळ्यात बुडवला होता.

पुण्याला परतल्यावर मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची त्याच तारेची जुनी चित्रं उघडली. मोठं करत गेले. त्याच जागी तारेला खेटून चांदीचा एक गोल कण बसला होता, ऐंशी-नव्वद नॅनोमीटरचा, तार वाढताना तसाच राहून गेलेला. कण आणि तार यांच्यामध्ये फट होती, पण ती मोजता येईना, चित्रातल्या एका बिंदूहूनही बारीक. सगळ्या तारेवर उजेड सगळ्यात जास्त दाबून भरला होता तो तिथं, आणि जो थोडा बाहेर सांडला होता तेवढाच मला दिसत होता.

व्याख्यानाचा फोटो मी काढून टाकला. मूळ फोटो पुन्हा छापला, आणि टाचणीच्या टोकानं त्या तिसऱ्या ठिपक्याशेजारी एक बारीक खूण केली.